डॉक्टरांची हिरवळ आणि माझी कुदळ

चहा येईपर्यंत एक सांगतो. तरुणपणी माणसं काय काय घोटाळे करतात! कोणी नको त्या मुलीला पत्र लिहितं, कोणी नको त्या कागदावर सही करतं. मी गवत उपटलं. हसताय ना? हसा. पण त्या गवतापायी मी पोलीस चौकीत बसलो, तेसुद्धा मुंबईसाठी लोक छातीवर गोळ्या झेलत होते त्या दिवसांत. माझ्या नावावर त्या लढ्यातली एवढीच कामगिरी आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी बाविशीचा. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेलो. घोडपदेवला आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती, तिच्यात चौदाजण राहायचो, आणि तिथंच पेठे डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. कंपाउंडर हा शब्द मोठा आहे. काम असं, की लाल औषध बाटलीत भरायचं, डोसाच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवायची आणि पेशंटला सांगायचं, हलवून घ्या.

डॉक्टर मात्र खरोखर मोठा माणूस. जन्म गिरगावातल्या चाळीत, राहायला आता दादरला, आणि दवाखाना मुद्दाम गिरणीवाल्यांच्या वस्तीत. आवाज इतका हळू, की पेशंटला दोनदा विचारावं लागायचं, 'काय म्हणालात?' हा हळू आवाज लक्षात ठेवा, कारण माझ्या बचावाला दुसरं काही नाही.

तर अशा मवाळ माणसानं एके दिवशी सत्याग्रहात उतरायचं ठरवलं. उन्हाळ्याचं तोंड होतं. लालबागच्या नाक्यावर तुकडी निघाली, निम्मी वस्ती हार घेऊन हजर, आणि पोलिसांनी सगळ्यांना जाळीच्या गाडीत भरलं. मी डॉक्टरांची पिशवी द्यायला पुढे घुसलो. डॉक्टर जाळीला तोंड लावून मला काहीतरी सांगायला लागले. आता तुम्हीच सांगा, हजार माणसं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून गर्जत असताना त्या आवाजातलं काय ऐकू येणार? मला ऐकू आलं ते एवढं: 'सदू... घरी जात जा... अंगणात... हरळी... मुळापासून काढ.'

मी हात वर करून ओरडलो, 'साहेब, काळजी करू नका.'

गाडी हलली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान दिसलं. त्यांना दोन महिन्यांची सजा झाली.

तुमच्यापैकी जे मुंबईतच जन्मले त्यांना सांगायला हवं, हरळी म्हणजे काय. तुम्ही गणपतीला दूर्वा वाहता ना, तेच हे गवत. तुम्ही त्याला हात जोडता, आमच्याकडे त्याला शिव्या देतात. जमिनीवर ते सरपटत जातं, दर बोटभर अंतरावर त्याला गाठ असते, आणि प्रत्येक गाठीला मूळ फुटतं. वरून कापा, खालून येतं. नांगर घाला, नांगर त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचं नवीन गवत होतं. आमच्या वडिलांनी हरळी माजलेला एक तुकडा साफ करायला तीन उन्हाळे कुदळ चालवली. शेतात हरळी असणं म्हणजे घरात आळशी माणसं असणं. मुलगी द्यायला आलेले पाहुणे चहा घ्यायच्या आधी बांधावर चक्कर मारून येत, आणि हरळी दिसली की त्यांना एकदम शेवटच्या एस.टी.ची आठवण होई.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुपारी दादरला गेलो. तीन वर्षांच्या नोकरीत डॉक्टरांच्या घरी जायची ही पहिलीच वेळ. लहानशी बंगली, पुढे दोन बैलगाड्या सुटतील एवढं अंगण, कडेनं गुलाबाचे वाफे. आणि अंगणभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हरळी.

एवढा शिकलेला माणूस, आणि दारात ही अवस्था. त्यातून ती हरळी सगळी एकसारखी कापलेली. कोपऱ्यात ढकलून चालवायचं गवत कापायचं यंत्रसुद्धा उभं होतं. मी मनात म्हटलं, बिचारे दर रविवारी वरवर कापत बसले असतील. मूळ काढायची ताकद नाही आणि सांगणार कोणाला? शेवटी तुरुंगात जाताना मन मोकळं केलं.

लॉन नावाची वस्तू जगात असते, ती लोक हौसेनं लावतात, हे मला ठाऊक नव्हतं. घोडपदेवच्या चाळीत कोणी सांगितलं असतं?

दारात काकू उभ्या होत्या. डॉक्टरांच्या पत्नी. मी कुदळीची चौकशी केली.

'कशाला रे?' त्यांनी विचारलं.

'साहेबांनी हरळी मुळापासून काढायला सांगितलीय.'

'सगळी?'

'सगळी,' मी म्हणालो. हा शब्द डॉक्टरांनी उच्चारलेला नव्हता. तो माझा, पदरचा.

काकूंचे डोळे भरून आले. मला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीनं. ते खरं होतं, पण अर्धंच. बाकीचं अर्धं मला नंतर कळलं. काकू चार वर्षं डॉक्टरांच्या मागे लागल्या होत्या, की या अंगणात तोंडलीचा मांडव घालू, चार अळवाची पानं लावू. डॉक्टर ऐकत नव्हते. त्या गवतावर पापडाची खाटसुद्धा टाकू देत नव्हते. आणि आज, तुरुंगात जाताना, त्या माणसाला बायकोची इच्छा आठवली! काकूंनी कुदळ दिलीच, वर मला साजूक तुपातला शिरा करून घातला.

झालं. मला हुकूम होता, काकूंचा आशीर्वाद होता आणि पोटात शिरा होता. मी चार दुपारी खणलं. नुसतं उपटलं नाही, हातभर खोल गेलो. पांढऱ्या दोरांसारख्या मुळ्या ओढून काढल्या. दवाखान्यात डॉक्टरांचे एक मित्र सकाळचे येऊन बसत, त्यामुळे दुपार माझी मोकळी. निघालेल्या गवताचे तीन हातगाडे भरले आणि परळच्या एका तबेल्यात पोचवले. भय्या खूश, म्हशी खूश, काकू खूश. अंगण असं साफ केलं, की वडिलांनी पाहिलं असतं तर पाठीवर हात ठेवला असता.

काकूंनी लगेच तोंडलीचे वेल लावले. अळू आलं, मिरच्यांची रोपं आली. मी रोज जायचो, पाणी घालायचो आणि हरळीचा एखादा कोंब डोकं वर काढताना दिसला की तिथल्या तिथे त्याची मान मोडायचो. काकू सगळ्या शेजारणींना सांगायच्या, 'सदू म्हणजे रत्न आहे.'

मग तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचं तुरुंगातून पत्र आलं.

काकूंनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. प्रकृती बरी आहे. जेवण बरं आहे. बरोबरची मंडळी चांगली आहेत. आणि पुढे: 'इथे दिवसभर दगडी फरशी. डोळे मिटले की आपली हिरवळ दिसते. लहानपणी आम्हांला खेळायला चाळीची गॅलरी, पायाला माती म्हणून लागली नाही. तेव्हाच ठरवलं होतं, की कधीतरी स्वतःच्या गवतावर अनवाणी चालायचं. सदू पाणी घालतो ना? गुलाबाच्या वाफ्यांत शिरलेली तेवढी हरळी मुळापासून काढ, म्हणून त्याला सांगितलं आहे. बाहेर आलो, की पहिलं काम म्हणजे चपला काढून त्या गवतावर उभा राहणार आहे.'

काकूंचं वाचन थांबलं. त्या पायरीवर बसल्या. मी अंगणात उभा होतो, हातात झारी, पायाशी मिरच्या.

'म्हणजे,' काकू हळूच म्हणाल्या, 'तोंडलीचं ते काही बोललेच नव्हते?'

'मला वाटलं, तुम्हांला सगळं ठाऊक आहे.'

'आणि मला वाटलं, तुला ठाऊक आहे.'

आम्ही दोघांनी त्या तोंडलीकडे बघितलं. तिला तेव्हाच पहिलं फूल आलं होतं.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. एक माणूस आपल्या सगळ्यांसाठी तुरुंगात बसलाय, डोळे मिटून गवत बघतोय, आणि ते गवत मी म्हशींना घातलंय. काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. उठल्या, पदर खोचला आणि स्वतःच्या हातानं मांडवाच्या काठ्या काढायला लागल्या. एवढंच म्हणाल्या, 'पाच आठवडे आहेत.'

तबेल्यात जाण्यात अर्थ नव्हता. म्हशींनी तोपर्यंत त्या हिरवळीचं दूध केलं होतं.

मग मला सुचलेली युक्ती ऐका. दूर्वा म्हणजेच हरळी, बरोबर? आणि दादरच्या फुलबाजारात दूर्वा ढिगानं. मी सकाळी जाऊन एका म्हातारीच्या टोपलीतल्या सगळ्या जुड्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. तिला वाटलं, पोरगं मोठं भक्त आहे, लाख दूर्वांचा नवस बोललंय. ही बातमी घोडपदेवच्या खोलीवर पोचली. आमच्यातले एक मामा रोज पहाटे मला विचारायला लागले, 'सदा, दर्शनाला आम्ही कधी यायचं?'

एकेक जुडी सोडून मी अंगणात दूर्वा रोवल्या. एका ओळीत, वितीवितीवर. संध्याकाळी अंगण हिरवंगार. काकूंनी देवापुढे दिवा लावला. दुसऱ्या दिवशी अंगण पोपटी, तिसऱ्या दिवशी पिवळं, चौथ्या दिवशी त्याचा चिवडा झाला होता.

मी म्हातारीकडे गेलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. तिनं एक जुडी उचलून माझ्या नाकापुढे धरली.

'हे काय हाय रे? शेंडं. देवाला कवळं शेंडं लागतात, म्हणून मी वरच्या वर खुडते. शेंड्याला मूळ फुटल का? गाठ कुठं हाय ह्याला? मूळ गाठीला फुटतंय.' आणि मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून, 'तू शेतकऱ्याचा पोर ना?'

सांगा आता. ज्या गाठींच्या नावानं माझं सगळं खानदान बोटं मोडत आलं, ती गाठच मी विसरलो. उपटायची कशी ते लहानपणापासून आम्हांला पाठ. लावायची कशी, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी कोणाला शिकवलं नव्हतं.

गाठीची हरळी कुठे मिळेल? मला आठवलं, रे रोडला लाकडाच्या वखारींमागे मोकळी जागा आहे, तिथे रुळांच्या कडेनं ती माजलेली असते. दुपारी गोणी घेऊन गेलो. लांबच लांब दोऱ्या, गाठीगाठींच्या, मुळांसकट. इतक्या प्रेमानं मी आयुष्यात हरळीला हात लावला नव्हता. गोणी भरली, तोंड सुतळीनं बांधलं, खांद्यावर टाकली आणि वखारीच्या कोपऱ्यावर वळलो तो समोर दोन पोलीस.

दिवस कसले होते ते आठवा. शहरात दगड चालत होते, अश्रुधूर चालत होता, आणि गोदीच्या बाजूनं एक तरुण मुलगा फुगलेली गोणी घेऊन घाईघाईनं निघालाय. त्यांनी विचारलं, आत काय. मी म्हणालो, गवत. कुठे नेतोस? दादरला. दादरला म्हशी आहेत का? नाही. मग कशाला? लावायला.

मला चौकीत नेलं. तिथला हवालदार टेबलामागे बसलेला, मिशा भरघोस, कपाळाला आठ्या. त्यानं गोणी जमिनीवर उपडी करायला लावली. हरळीचा ढीग पडला. त्यानं काठीनं तो उलटापालटा केला, वाकून एक दोरी उचलली, गाठी चाचपल्या आणि एकदम माझ्याकडे बघितलं. त्या नजरेवरूनच मी ओळखलं, हा माणूस घाटावरचा.

'गाव कंचं?'

मी सांगितलं. त्याचा तालुका आमच्या शेजारचाच निघाला.

'बाप शेती करतो?'

'करतो.'

'आन तू हरळी लावतोस.'

हा प्रश्न नव्हता. मी सगळी हकीकत सांगितली: डॉक्टर, जाळीची गाडी, म्हशी, तोंडली. त्यानं हातातली दोरी ढिगावर टाकली. मग शिपायांकडे वळून म्हणाला, 'सोडा ह्याला. गोणीत दगड असते तर आत टाकला असता. ह्याला कलम न्हाई.'

मात्र ढीग पुन्हा गोणीत भरताना तो स्वतः खाली बसला आणि मला हातभार लावू लागला. डॉक्टरांचं नाव त्याला ठाऊक होतं. त्याच्या बहिणीचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. मला म्हणाला, वरून फार कापू नको म्हणावं डॉक्टरला सुरुवातीला, आणि पाणी सकाळचं घाल. हरळीबद्दल इतकं चांगलं बोलताना त्याचा चेहरा असा झाला होता, जणू कोणी त्याच्याकडून खोटी साक्ष वदवून घेतंय.

त्यानंतर मी आणि काकू कामाला लागलो. दोऱ्यांचे दोन-दोन गाठींचे तुकडे केले, ओळीनं सरीत टाकले, वर चाळलेली माती पसरली आणि ती दाबायला रोलर नव्हता म्हणून लाकडी पाट आडवा घालून त्यावर मी उभा राहायचो आणि काकू मला हात धरून पुढे सरकवायच्या. शेजारणी गच्चीतून बघायच्या. माझं रत्नपद तेव्हाच गेलं असावं. सकाळ-संध्याकाळ पाणी. कोपऱ्यातल्या आंब्याच्या सावलीत काही उगवेना, तिथे काकूंनी गुपचूप अळू राहू दिलं.

दहा-बारा दिवसांनी गंमत सुरू झाली. मी लावलेलं उगवलं ते उगवलंच, पण ओळींच्या मधूनही कोंब यायला लागले. जाड, तकतकीत, घाईत असलेले. ते माझे नव्हते. ते जुनेच, डॉक्टरांचे. मी हातभर खोल खणून, मुळापासून म्हणून जे काढलं होतं, त्याचे कुदळीनं शेकडो तुकडे होऊन खालीच राहिले होते, आणि आता प्रत्येक तुकडा वर येऊन मला राम राम घालत होता. ऊन चढत गेलं तशी हरळी धावत सुटली. पाचव्या आठवड्यात अंगणात बोट शिरेना. ती पायरीच्या भेगेत आली, फाटकाच्या बिजागरीपर्यंत पोचली, आणि गुलाबांच्या वाफ्यांतून मी रोज मूठमूठ काढत होतो.

डॉक्टर सुटले त्या दिवशी गल्लीभर माणसं. हार, गुलाल, घोषणा. डॉक्टर वाळले होते. त्यांनी फाटकाशी हार काढून काकूंच्या हातात दिले, चपला काढल्या, आणि गवतावर जाऊन उभे राहिले. घोषणा आपोआप थांबल्या. त्यांनी डोळे मिटले, मग उघडले, आणि वाकून हातानं गवत दाबून बघितलं.

'सदू, काय घातलंस याला? असं दाट कधीच नव्हतं.'

माझ्यानं राहवलं नाही. सगळ्यांदेखत मी बोलून टाकलं. शिऱ्यापासून चौकीपर्यंत. काकू खाली मान घालून उभ्या. डॉक्टर ऐकत राहिले, आणि मग त्या हळू आवाजाचा माणूस इतक्या मोठ्यानं हसला, की गवतावरच बसला. म्हणाले, 'अरे, माझ्या पुस्तकात लिहिलंय, की हिरवळ म्हातारी झाली की ती खणून फोडावी. चार वर्षं मला धीर झाला नाही.' आणि मग काकूंकडे वळून म्हणाले, 'तोंडलीचं तू इतकं मनावर घेतलं होतंस, हे मला कळलंच नाही.' दुसऱ्याच दिवशी मागच्या भिंतीला मांडव उभा राहिला.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज ती मोठेपणानं सांगितली असती. पण डॉक्टर कृतज्ञ माणूस. त्यांना वाटलं, मुलाचं कौतुक त्याच्या वडिलांपर्यंत पोचावं. मला न सांगता त्यांनी गावी पत्र टाकलं. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते शाळामास्तरांना दिलं. मास्तरांनी ते चावडीवर, सगळ्या गावापुढे, खणखणीत आवाजात वाचलं: 'आपले चिरंजीव सदाशिव यांनी माझ्या अंगणात स्वतःच्या हातांनी हरळी लावली आणि जिवापाड मेहनत करून ती अशी काही वाढवली, की तशी हरळी मी आजवर पाहिलेली नाही. असा मुलगा घडवल्याबद्दल आपले अभिनंदन.'

मी जत्रेला गावी गेलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एस.टी.तून उतरलो तर ओळखीची माणसं तोंडाला उपरणं लावून बाजूला होत होती. घरी आई म्हणाली, वडील रानात आहेत. मी तसाच रानात गेलो. वडील बांधापलीकडे उभे होते. दोन वर्षांनी भेटत होतो. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, ते दोन पावलं पुढेसुद्धा आले. मी शेतात पाय टाकणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

'थांब तितंच,' म्हणाले. 'आदी चपला झटक.'

मी झटकल्या. दोनदा.